केमुजानचा सातबारा

माझ्या थोरल्या भावाच्या नावावर इंडोनेशियात एक गुंठासुद्धा जमीन नाही. तिथला जावई होऊन त्याला पाव शतक होत आलं. भाषा अस्खलित बोलतो, गावातल्या लग्नाकार्यात त्याचा शब्द विचारात घेतात. पण ज्या घरात तो राहतो त्याच्या खालची जमीन त्याच्या नावावर कधीच होणार नाही, कायदाच तसा आहे. आणि तरीही सोलापुरात मी जी घरमालक मंडळी पाहतो, त्यातल्या बहुतेकांपेक्षा दादा निर्धास्त झोपतो. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात, भूकरमापक म्हणून गेली. साखळी ओढण्यापासून उपग्रहाच्या मदतीने मोजणाऱ्या रोव्हर यंत्रापर्यंत सगळं हाताळलं. त्यामुळे हा निर्धास्तपणा कुठून येतो ते मला समजून घ्यायचं होतं. यंदा त्याच्याकडे जाऊन राहिलो, तेव्हा बरंच उलगडलं.

गावाचं नाव केमुजान. जावा बेटाच्या उत्तरेला करिमुनजावा नावाची सत्तावीस छोटी बेटं आहेत, त्यातल्या पाचांवरच वस्ती आहे. जेपारा शहराच्या बंदरातून फेरीने चार-पाच तास लागतात. केमुजान आणि मुख्य बेट यांच्यामध्ये खारफुटीचं जंगल आणि एक लहानसा पूल. लोक बहुतेक जावानी, पण बुगिस कोळ्यांची खांबांवर उभी केलेली लाकडी घरंही आहेत आणि मदुरा बेटावरून आलेली कुटुंबंही. सोलापूरच्या माणसाला यात परकं काही वाटत नाही. आमच्या लहानपणी साखर पेठेत एकाच नळावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांत भांडणं व्हायची आणि संध्याकाळी तीच माणसं एकाच कट्ट्यावर बसायची.

दादा गिरणीत विणकाम खात्यात होता. नव्वदच्या दशकात सोलापूरच्या गिरण्या एकामागून एक बसल्या. कुणी रिक्षा घेतली, कुणी यंत्रमागावर रोजंदारी धरली. दादाला ओळखीतून जावातल्या बांडुंग शहराजवळच्या एका कापड कारखान्यात नोकरी मिळाली. तिथल्याच कामगारांमध्ये वहिनी होत्या, केमुजानच्या. लग्न झालं, मुलगी झाली, आणि निवृत्त झाल्यावर दोघं वहिनींच्या गावी येऊन राहिले. आम्ही जाताना दोन गोष्टी नेल्या, शेंगाचटणी आणि कडक भाकरी. शेंगाचटणी वहिनींनी उकडलेल्या पालेभाजीवर घालून खाल्ली, कारण त्यांच्याकडेही शेंगदाण्याची तिखट चटणी भाजीवरच घेतात.

आता जमिनीचं. इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा १९६० चा. डच गेले, पण त्यांचे कायदे आणि गावोगावच्या रूढी एकमेकांत गुंतून राहिल्या होत्या, तो गुंता सोडवायला हा कायदा केला. त्याचं एकविसावं कलम सांगतं की पूर्ण मालकी, ज्याला तिथं हाक मिलिक म्हणतात, फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळेल. परदेशी माणसाला फार तर ठरावीक मुदतीचा वापरहक्क किंवा भाडेपट्टा मिळतो. सव्विसावं कलम आणखी कडक आहे. परदेशी माणसाला मालकी जावी म्हणून केलेला व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत.

हे मुद्दाम सांगतो, कारण सोलापूरला परतल्यापासून ओळखीतल्या दोन-तीन तरुणांनी मला विचारलं, की काका, बालीला किंवा त्या बाजूच्या बेटांवर प्लॉट घेता येतो का, तिथल्या माणसाच्या नावावर घ्यायचा आणि आपण आतून करार करायचा. असं करणारे परदेशी लोक तिथं पुष्कळ आहेत. एजंटही आहेत. पण ज्याच्या नावावर जमीन घेतली तो उद्या उलटला, वारला किंवा त्याच्या मुलांनी वाटणी मागितली, तर तो आतला करार घेऊन कोर्टात उभं राहणं म्हणजे आपणच कायदा मोडल्याचा पुरावा देणं. माझं स्पष्ट मत आहे की हा विचारही करू नये. फसाल म्हणून तर नकोच, पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बाहेरचा पैसा शिरला की समुद्रकाठच्या जमिनीचा भाव असा चढतो की कोळ्याच्या पोराला स्वतःच्या गावात झोपडी बांधता येत नाही. तो कायदा त्या पोरासाठी आहे.

दादाची अडचण वेगळी होती. वहिनींना वडिलांकडून घराची जागा वारसाने आली, तिथं प्रश्न नव्हता. वारसाची मालमत्ता ज्याची त्याची राहते. पण शेजारची नारळाची पट्टी विकायला निघाली, तेव्हा १९७४ चा विवाह कायदा आडवा आला. लग्नानंतर घेतलेली मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक, आणि नवरा परदेशी, म्हणजे अर्धा हिस्सा परदेशी माणसाचा झाला. म्हणून स्वतःच्या देशात, स्वतःच्या गावात, स्वतःच्या पैशाने वहिनींना जमीन घेता येईना. लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार केलेला असेल तरच वाट होती, आणि लग्न ठरवताना असला करार कुणाच्या डोक्यात असतो? जपानी नवरा असलेल्या इके फरिदा नावाच्या वकीलबाई याच मुद्द्यावर घटना न्यायालयात गेल्या. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये निकाल लागला की असा करार लग्नानंतरही करता येईल. त्या निकालामुळे हजारो बायकांचा मार्ग मोकळा झाला. दादा-वहिनींनी नोटरीकडे जाऊन करार केला, आणि मग ती पट्टी वहिनींनी घेतली.

दादाला मी विचारलं, "समजा वहिनी आधी गेल्या तर?" तो शांतपणे म्हणाला, "मला एक वर्ष मिळतं. वर्षाच्या आत वारसाहक्क सोडायचा, नाहीतर जमीन सरकारची. पोरीच्या नावावर होईल." त्यांच्या मुलीने सज्ञान झाल्यावर इंडोनेशियाचं नागरिकत्व निवडलं आहे. मला मात्र ते ऐकताना घशाशी आलं. ज्या माणसाने तिथल्या विहिरीचा कठडा स्वतःच्या हाताने बांधला, त्याला कायद्याच्या हिशेबात तिथं उरलेलं आयुष्य फक्त एक वर्ष. तो म्हणाला, "कागदाचं सोड बे. मला हिथनं कोण उठवतंय बघू." आणि समोरच्या अंगणात जाळं दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्याकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने गावकचेरीत गेलो. जेपारा भागात गावप्रमुखाला पेतिंगी म्हणतात आणि त्याच्या चिटणिसाला चारिक. आपल्या जुन्या पाटील-कुलकर्ण्यांची जोडीच म्हणा. चारिकच्या कपाटात लेटर सी नावाची वही असते. दादाने माझी ओळख करून दिली, हा भारतात जमीन मोजायचा, असं सांगितल्यावर त्या गृहस्थांनी वही उघडून दाखवली. आडवी, जाड पुठ्ठ्याची, कडा कुरतडलेल्या. एका बाजूला 'एस' म्हणजे पाण्याखालची भातजमीन, दुसऱ्या बाजूला 'डी' म्हणजे कोरडी. नाव, जमिनीचा क्रमांक, प्रत, क्षेत्र, कर. आणि शेवटच्या रकान्यात बदलाचं कारण आणि तारीख, कुठं वारस, कुठं विक्री, कुठं बक्षीस. अक्षर मला वाचता येत नव्हतं, पण रकाने सगळे वाचता आले. फेरफाराची नोंदवही डोळ्यासमोर उभी राहिली. वहिनींच्या वडिलांच्या नावावर तांबड्या शाईने आडवी रेघ मारून खाली चार भावंडांची नावं लिहिली होती.

या वहीचा इतिहासही आपल्याकडच्यासारखाच. मुळात करवसुलीसाठी केलेली. आपल्याकडे १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात शेतवार मोजणी आणि आकारणीची पद्धत बसवली, मग ती सोलापुराकडे आली. आजचा सातबारा त्याच वंशातला. कोर्टं पुन्हा पुन्हा सांगत आली आहेत की सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. तिथं लेटर सीच्या उताऱ्याचं आणि गिरिक नावाच्या करपावतीचं तेच. लोक पिढ्यान् पिढ्या तिलाच मालकी समजत आले. २०२१ च्या नियमाने अशा जुन्या कागदांवरच्या जमिनी पाच वर्षांत रीतसर नोंदवायला सांगितलं, म्हणजे फेब्रुवारी २०२६ पर्यंत. त्यानंतर गिरिक हा मालकीचा पुरावा नाही, जमीन कुठली हे दाखवण्यापुरता कागद.

आणखी एक गोष्ट पाहून मी चारिकशी बराच वेळ बोलत बसलो. जावातल्या गावांत पेतिंगी आणि चारिक यांना पगाराऐवजी कसायला जमीन मिळायची, तिला बेंगकोक म्हणतात. पद गेलं की जमीन पुढच्याकडे. आपली पाटीलकी-कुलकर्णीपणाची वतनं, महारवतनं हीच कल्पना, पण आपल्याकडे ती वंशपरंपरेने घराण्यांना चिकटली आणि त्यातून किती पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजल्या ते मी नोकरीत पाहिलं आहे. बेंगकोक पदाला चिकटलेली राहिली, घराण्याला नाही. हा फरक छोटा नाही.

मोजणी पाहायला मिळाली हे माझं भाग्य. इंडोनेशियात २०१७ पासून सगळ्या जमिनींची एकत्र नोंदणी चालू आहे. त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष जोको विडोडो भाषणांत सांगायचे की देशातल्या १२ कोटी ६० लाख तुकड्यांपैकी २०१५ साली फक्त ४ कोटी ६० लाखांना प्रमाणपत्र होतं, आणि वर्षाला पाच लाखांच्या जुन्या वेगाने उरलेल्यांना १६० वर्षं लागली असती. मोजणी करणाऱ्याला हा आकडा ऐकून झोप येणार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी एकाच दिवशी देशभर दहा लाख हद्दखुणा लोकांकडूनच रोवून घेण्याची मोहीम काढली. कारण तिथं नियम असा की खूण आधी मालकाने स्वतः रोवायची, शेजाऱ्यासमोर. मोजणीदार नंतर येतो.

वहिनींच्या चुलतभावाच्या जागेवर दोन तरुण यंत्र घेऊन आले होते, जेपाराहून. एकाने रोव्हरची काठी खुणेवर धरली, बुडबुडा मध्यभागी आणला, पाच-दहा सेकंद थांबला, आकडा टिपला. काम आमच्यासारखंच. पण खुणेपाशी शेजारी उभे होते, चारी बाजूंचे. एक आजोबा तर लुंगी सावरत वाकून त्या सिमेंटच्या खांबाभोवतीची माती स्वतः दाबत होते. मोजून झाल्यावर प्रत्येकाने कागदावर सही किंवा अंगठा दिला, की होय, ही हद्द आम्हाला कबूल. पंधरा मिनिटांत संपलं. नंतर कॉफी.

माझ्या नोकरीत लगतच्या खातेदारांना नोटिसा निघायच्या. अर्धे यायचे नाहीत. आलेल्यातले काही बांधावर उभे राहून सगळं पाहायचे आणि सहीच्या वेळी हात मागे घ्यायचे. "साहेब, सही केली की आमचा हक्क जातोय." मग हरकत, मग अपील, मग पुन्हा मोजणी. बार्शीकडे दोन सख्ख्या भावांत सव्वा हात बांधासाठी डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. नकाशा बरोबर होता, क्षेत्र बरोबर होतं. शेजाऱ्याची कबुली तेवढी नव्हती.

ही कबुली किती मोलाची असते ते मला १९९३ नंतर कळलं. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हादरा सोलापुरातही बसला, माणसं गणपती विसर्जनाहून येऊन नुकती झोपली होती. पुढे पुनर्वसनाच्या कामासाठी आम्हा मोजणीवाल्यांना तिकडे पाठवलं. बावन्न गावं पूर्णपणे दुसरीकडे वसवायची होती. शेताचे नकाशे होते, पण गावठाणात घर कुणाचं किती, याचे नकाशे बहुतेक ठिकाणी नव्हते. दगडमातीच्या जाड भिंतींचे ढीग पडलेले, त्यात माझा मोजणीचा फलक मांडून मी उभा, आणि वाचलेली माणसं एकमेकांची घरं सांगत होती. "इथं त्यांचा सोपा होता. ही चूल त्यांची." ज्यांच्या घरातलं कुणीच उरलं नव्हतं, त्यांची जागाही शेजाऱ्यांनीच दाखवली आणि खोटं सांगून एक हातही आपल्याकडे ओढला नाही. आता स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली जातात, मिळकत पत्रिका मिळतात, ते फार चांगलं काम आहे. तेव्हा मात्र माणसंच नकाशा होती.

आता सुरक्षिततेकडे येतो. आम्ही पोहोचलो त्याच संध्याकाळी एक गृहस्थ दारात आले, चौकड्यांची लुंगी, हातात वही. ते होते आरटीचे प्रमुख. पंचवीस-तीस ते पन्नास-साठ घरांचा मिळून एक शेजारगट, त्याला रुकुन तेतांगा म्हणतात, थोडक्यात आरटी. प्रमुख शेजाऱ्यांनीच निवडलेला. जन्म, मृत्यू, लग्न, घर बदलणं, कर्जाचा अर्ज, कशालाही आधी त्याची सही. गल्लीच्या तोंडाशी पाटी असते, की पाहुण्याने चोवीस तासांच्या आत कळवावं. त्यांनी आमची नावं, पासपोर्ट, किती दिवस राहणार हे लिहून घेतलं, मग गूळ घातलेली कॉफी घेतली आणि सोलापूरला ऊन किती असतं ते विचारत बसले. दुसऱ्या दिवसापासून सगळी गल्ली मला ओळखत होती.

रात्री गस्त. गल्लीच्या कोपऱ्यावर चार खांबांचं लाकडी मचाण, वर पत्रा, आत चटई. त्यात टांगलेली केंतोंगान, म्हणजे आतून पोखरलेला लाकडी ओंडका, मध्ये उभी फट, शेजारी टिपरू. बाजूला ठोक्यांचा तक्ता रंगवलेला. एकेक ठोका म्हणजे खून. दोन-दोन चोरी. तीन-तीन आग. चार-चार नैसर्गिक आपत्ती. पाच-पाच म्हणजे जनावर चोरीला गेलं. आणि सगळं ठीक असल्याचा वेगळा ठोका, आधी एक, मग बरेच सलग, शेवटी एक. रोज वेगळ्या घरांची पाळी. दादाची पाळी असते त्या रात्री मीही बसलो. पत्ते, शेंगदाणे, लवंग घातलेल्या सिगारेटींचा वास, आणि तासाभराने दोघांनी उठून एक फेरी.

या फेरीतच एक काम असतं, जिंपितान. प्रत्येक घराबाहेर भिंतीला खिळ्यावर एक छोटा डबा टांगलेला असतो. पूर्वी त्यात चिमूटभर, मूठभर तांदूळ ठेवायचे, आता बऱ्याच ठिकाणी तिथल्या पाचशे रुपियांचं नाणं, आपल्या अडीच-तीन रुपयांएवढं. गस्तवाले डबा रिकामा करत जातात, वहीत खूण करतात. तो पैसा गल्लीचा. दिवे, गटार, कुणाचं आजारपण, कुणाचं मयत. वहिनींच्या घरचा डबा दुधाच्या पावडरचा होता, कापून निळा रंग दिलेला. रक्कम क्षुल्लक. पण त्या डब्यामुळे रोज रात्री कुणीतरी प्रत्येक दारापर्यंत जातं. डबा रिकामा दिसला तर सकाळी चौकशी होते, की घरात काही दुखलंखुपलं का. एकटी राहणारी एक म्हातारी पडून होती, ते असंच कळलं, वहिनी सांगत होत्या.

आमच्या जुळे सोलापुरातल्या कॉलनीत गुरखा शिट्टी वाजवत, काठी आपटत जातो आणि महिन्याला घरपट पैसे घेतो. प्रामाणिक माणूस आहे. चार गेटांवर कॅमेरे आहेत. पण दोन बंगले सोडून कोण भाडेकरू आला, हे मला विचारलं तर सांगता येत नाही. पेठेत होतो तेव्हा सांगता यायचं.

मात्र गावाने स्वतःची राखण करण्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मी झाकणार नाही. १९९८ साली पूर्व जावात बन्युवांगी आणि आसपास चेटूक करणारे म्हणून माणसं मारली गेली. मग काळे कपडे घातलेले निंजा फिरतात अशी अफवा उठली, गावोगाव गस्ती सुरू झाल्या आणि रात्री सापडलेल्या अनोळखी माणसांना जमावाने ठार केलं. काही जण तर मनोरुग्ण होते. वहिनींचे भाऊ हे सांगताना म्हणाले, की ठोका वाजला की धावायचं असतं, पण धावून काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल तर ओंडक्यापेक्षा कुलूप बरं.

मला लगेच राईनपाडा आठवलं. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा. आपल्या मंगळवेढा भागातून पोटासाठी गेलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी. मुलं पळवणारी टोळी आली, अशी मोबाईलवरची अफवा. आठवडी बाजारात धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि मारून टाकलं. त्यांची नावं कुणी विचारली नाहीत, कुठल्या गावचे हे कुणी फोन करून पाहिलं नाही. आपल्याकडे चोर ड्रोनने घरं हेरतात अशा अफवा उठल्या तेव्हाही गावागावांत पोरं काठ्या घेऊन रात्रभर फिरत होती, आणि माझ्या पोटात गोळा आला होता. आरटीच्या त्या गृहस्थांची वही मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. अनोळखी माणूस दिसला की पहिलं काम त्याचं नाव लिहून घेणं. हीच शेजारगटांची रचना जपानी सैन्याच्या ताब्याच्या काळात, १९४२ ते ४५ दरम्यान, लोकांवर लक्ष ठेवायला आणली गेली होती आणि पुढे लष्करशहा सुहार्तोंच्या राजवटीनेही ती तशीच वापरली, हे दादाने सांगितलं. वही कुणाच्या हातात आहे, याला अर्थ आहेच. केमुजानमध्ये ती ज्यांच्या हातात होती, त्यांना पुढच्या निवडीत शेजारी बदलू शकतात.

गावात सगळं गोडीगुलाबीनं चालतं असंही नाही. कोळंबीच्या तळ्यांनी इथं मोठी फूट पाडली. काहींनी जमिनी तळ्यांना भाड्याने दिल्या, सांडपाणी समुद्रात गेलं, समुद्रशेवाळाची शेती करणारे आणि पर्यटकांवर जगणारे विरोधात उभे राहिले. दानियल फ्रित्स नावाच्या कार्यकर्त्याला फेसबुकवर लिहिल्याबद्दल २०२४ मध्ये जेपाराच्या न्यायालयाने सात महिन्यांची शिक्षा दिली, वरच्या न्यायालयाने ती रद्द करून सोडलं. त्या विषयावर आजही दोन घरांत बोलणं नाही. पण गस्तीची पाळी दोन्ही घरं चुकवत नाहीत.

मोठी भीती समुद्राची. डिसेंबर ते फेब्रुवारीत पश्चिमेचा वारा सुटतो, लाटा चढतात आणि फेरी बंद पडते, कधी आठवडाभर, कधी जास्त. गॅस, भाजी, औषधं सगळं जेपाराहून येणारं. बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण मोठ्या इस्पितळासाठी समुद्र ओलांडावा लागतो. दादाला रक्तदाबाचा त्रास आहे. मला खरी काळजी तीच वाटते, जमिनीची नाही. वहिनी नोव्हेंबरातच तांदूळ, सुकी मासळी आणि त्याच्या गोळ्या भरून ठेवतात.

भूकंपाच्या दृष्टीने हा समुद्र त्यातल्या त्यात शांत. पण सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाच्या आचे प्रांताजवळच्या सिमेउलुए बेटाची गोष्ट तिथं अनेकांना माहीत आहे, आणि किल्लारी पाहिलेल्या माझ्यासारख्याने ती सांगितलीच पाहिजे. १९०७ मध्ये तिथं त्सुनामीने माणसं नेली. वाचलेल्यांनी ती आठवण गाण्यांत, अंगाईत घातली, की जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरला की काही न घेता डोंगराकडे पळा. २६ डिसेंबर २००४ ला तेच घडलं. ७८ हजारांच्या आसपास वस्ती, मृत्यू सात. तिथून जवळच असलेल्या आचेच्या किनाऱ्यावर दीड लाखाहून अधिक माणसं गेली.

जावाच्या उत्तर किनाऱ्यावर, देमाक भागात, गावंच्या गावं भरतीखाली गेली आहेत. घरं, शाळा, दफनभूमी. तिथल्या १९६० च्या कायद्यात लिहिलेलं आहे की जमीन नष्ट झाली तर मालकी संपते. हे कलम वाचून मला आमची उजनी आठवली. धरणात करमाळा, इंदापूरकडची गावं बुडाली, उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं आणि म्हातारी माणसं होडीतून आपल्या गावची जागा बघायला जातात. पण उजनीत संपादन झालं होतं, कमी असो की उशिरा असो, मोबदला ठरला होता. समुद्र नोटीस काढत नाही. देमाकच्या कोळ्याने वर्षानुवर्षं भरलेल्या कराच्या पावत्या जपून ठेवल्या असतील आणि त्या पावत्यांवरचा क्रमांक आता पाण्यात असेल. अशा माणसाला कायद्याने निदान दुसरीकडे घर बांधण्यापुरती जागा द्यायला हवी, असं मला तळमळीने वाटतं.

वहिनींनी घेतलेली नारळाची पट्टी अजून गिरिकवरच आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज गेला आहे, मोजणी व्हायची आहे, आणि मोजणीदार जेपाराहून येणार म्हणजे फेरी नीट चालू असली पाहिजे. निघण्याआधी दादाला घेऊन मी हद्दीवरून फिरलो. पूर्वेची खूण नारळाच्या बुंध्याला धरून होती. झाड पडलं की खूण गेली, म्हणून तिथं खांब रोवून घ्यायला सांगितलं, चारी कोपऱ्यांचे फोटो काढायला सांगितले, प्रत्येक फोटोत शेजारी उभा असला पाहिजे असंही सांगितलं. पश्चिमेकडचे शेजारी ऐंशीच्या पुढचे आहेत आणि जुनी हद्द नेमकी त्यांनाच ठाऊक आहे. त्यांची सही सगळ्यात आधी घ्या, मुलावर सोडू नका, असं वहिनींना दोनदा बजावलं. परवा दादाचा फोन आला. आजोबांनी सही दिली आहे, आणि खांब रोवताना स्वतः उभे होते. उत्तरेचे शेजारी मासेमारीला गेले आहेत, ते आले की त्यांची.